अश्दोदचा पांढरा ओटा

अश्दोद,
४ फेब्रुवारी १९७६

सौ. अबिगेलबाई यांस,
फ्लोराचा सप्रेम शालोम, वि. वि.

तुमचं पत्र पोहोचलं. लग्न शावुओतच्या सणानंतर, जूनमध्ये धरायचं, हे आम्हाला मान्य आहे. माझ्या त्स्वीचं आणि तुमच्या ओफ्राचं जमलं तेव्हापासून मी एकाच कामाला लागले आहे, ते म्हणजे त्यांचं घर. आमच्याच शिकूनमध्ये, म्हणजे सरकारी चाळवजा वसाहतीत, दोन जिने सोडून, फ्लॅट घेतला आहे. खोल्या लहान आहेत, पण मुलगी ओफाकिमहून येणार, तिला त्या मोठ्याच वाटतील.

स्वयंपाकघर मी ठरवलं आहे. ओटा पांढऱ्या संगमरवराचा, एकच अखंड दगड, त्यात दोन सिंक कापलेली, एक मटणाच्या भांड्यांचं, एक दुधाच्या. इथे ओट्याला हिब्रूत शायिश, म्हणजे संगमरवरच, म्हणतात, आणि शायिश म्हणून लोक काय काय बसवतात ते पाहिलं की हसू येतं. शेजारच्या अहुवाने फॉर्मायका ठोकला. गरम पातेलं ठेवलं तशी तो पापडासारखा फुगला. मी दगड उजेडात नेऊन पाहिला, ओला करून पाहिला, मगच हो म्हटलं. भायखळ्याला असताना मोठ्या लोकांच्या घरी असा ओटा बघितला होता, तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

ओफ्राला आतापासून सवय लावा. हळदीचा डबा ओट्यावर टेकवायचा नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीही सांडलं तर ताबडतोब टिपून साध्या पाण्याने धुवायचं, कारण आंबट दगडाला खातं. नारळ ओट्यावर फोडायचा नाही. मासे मागच्या गॅलरीत साफ करायचे. तुमच्याकडे या गोष्टींचा प्रश्न येत नसणार म्हणून सांगते, राग मानू नये.

आमच्या ह्यांनी, बारूखनी, शालोम सांगितला आहे. ओट्याबद्दल त्यांचं काही मत नाही आणि मी विचारलंही नाही.

घर पूर्ण होऊ दे, लोभही वाढेल.

फ्लोरा

---

ओफाकिम,
१६ फेब्रुवारी १९७६

सौ. फ्लोराबाई, होऊ घातलेल्या विहीणबाई, यांस,
अबिगेलचा शालोम, वि. वि.

तुमचं पत्र मी आमच्या मेनाशेंना मोठ्याने वाचून दाखवलं. ते जेवत होते, त्यांना ठसका लागला.

मला एवढंच समजलं नाही की ओटा माझ्या मुलीसाठी बसवताय की मुलगी ओट्यासाठी आणताय. हळद नको, लिंबू नको, चिंच नको, नारळ नको, मासे गॅलरीत. मग त्या ओट्यावर करायचं काय? डॉक्टरला बोलवा, ऑपरेशनला बरा पडेल.

आम्ही रेवदंड्याची माणसं. सासूबाईंचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता. त्यावर त्यांनी जन्मभर मासळी कापली, संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतलं की काम संपलं. इथे कडप्पा मिळत नाही, कबूल. पण चिपची करडी लादी मिळते, घासून गुळगुळीत केलेली. आमच्याकडे जमिनीला तीच आणि ओट्यालाही तीच. काय सांडलं, काय पडलं, दिसत नाही. शुक्रवारी साबणाचं पाणी ओतून दांड्याच्या रबराने ओढलं की लखलखीत. तुमच्या मुंबईच्या डोळ्यांना ती म्युनिसिपालिटीची वाटेल, वाटू दे.

साखरपुड्याला आलो तेव्हा तुम्ही जमिनीला नुकतंच मेण लावलं होतं. आम्हा सगळ्यांना चपला काढून भिंतीच्या कडेकडेने चालायला लावलंत. मेनाशे अजून कधी कधी घरात तसे चालून दाखवतात.

तुमचं पत्र मी ओफ्राला दाखवलं नाही. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. इतकी वर्षं त्याचं वाईट वाटायचं, परवा पहिल्यांदा बरं वाटलं.

दगड कोणताही बसवा, माणसांना त्याच्यापेक्षा थोडी वरची जागा ठेवा.

अबिगेल

---

अश्दोद,
१८ मे १९७६

सौ. अबिगेलबाई यांस,
शालोम, वि. वि.

ओफ्रा परवा इथून काही न सांगता निघून गेली. तिने घरी जे सांगितलं असेल ते सांगितलं असेल. झालं ते असं.

ओटा गेल्या महिन्यात बसला. बघायला येणारी प्रत्येक बाई हात फिरवल्याशिवाय गेली नाही. तुमची मुलगी पडदे लावायला आली होती. मी बाजारात गेले असताना तिने त्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात, कोणी सांगितलं नसताना, मासे तळले. आम्हाला जेवायला बोलावलं. मी आत गेले तर कापलेली लिंबं ओट्यावर उपडी पडलेली, रसात भिजत. उचलून पाहिलं तर खाली गोल डाग. डागही नव्हे, डाग घासला तर निघतो. दगडाची चकाकीच गेली होती.

मी ओरडले. कोणीही ओरडलं असतं. मी म्हटलं की दगडाची किंमत कळत नसेल त्याने चूल मांडून रांधावं आणि ही सगळी ओफाकिमची सवय आहे. यापेक्षा जास्त काही बोलले नाही. ती हिब्रूत काहीतरी हळू म्हणाली. माझं हिब्रू बाजारापुरतं, मला समजलं नाही. बारूखना समजलं, पण त्यांनी सांगायला नकार दिला आणि ताटावरून उठले. तिने हात पुसले, एप्रनची घडी केली आणि बसस्टॉपवर गेली. त्स्वी तिच्या मागे धावला, तो अजून आलेला नाही.

मुलीची जात इतकी हळवी असेल तर संसार कसा होणार, याचा विचार तुम्हीच करा.

लोभ आहेच असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

फ्लोरा

---

ओफाकिम,
२५ मे १९७६

सौ. फ्लोराबाई यांस,
शालोम.

ओफ्रा काय म्हणाली ते तुम्हाला समजलं नाही ना? मग मी मराठीत सांगते. ती म्हणाली की मी तुमच्यासाठी मासे तळले, तुम्ही एक घास तरी खाऊन बघायचा होता. एवढंच. बारूखभाऊ ताटावरून का उठले ते आता कळलं असेल.

माझी मुलगी बालवाडीत तीस पोरं सांभाळते. दिवसभर तिच्या अंगावर ओरडणं, सांडणं, रडणं चाललेलं असतं. ती हळवी नाही. पण दोन दिवस ती आमच्या ओट्याला हात लावेना. चहाचा कपसुद्धा हातात धरून उभी राहायची, खाली ठेवायची नाही. हे पाहिलं आणि मी ठरवलं की हे लग्न नको. मेनाशेही हो म्हणाले. तुम्हाला तसं कळवायला मी कागद घेतलाच होता.

तेवढ्यात त्स्वी आला. दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. माझ्या त्या म्युनिसिपालिटीच्या जमिनीवर फ्रिजला टेकून बसला आणि म्हणाला की मित्स्पे रामोनच्या नगरपालिकेत इलेक्ट्रिशियनची जागा आहे, नव्या जोडप्यांना घर देतात, मी ती घेतली आहे. मी विचारलं की अरे, त्या वाळवंटाच्या टोकाला माणसं तरी आहेत का? तो म्हणाला, येहिये बेसेदेर, सगळं ठीक होईल. इथली पोरं बुडत असली तरी हेच म्हणतात. ओफ्राने त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. मी तुमच्यासाठी घेतलेला तो कागद बाजूला ठेवला.

लग्न ठरल्या दिवशी ओफाकिमला होईल. यायचं तर या. ओटा तुमच्याकडेच राहू दे आणि त्यालाच सून म्हणा.

बाकी लोभ, शिल्लक असेल तर.

अबिगेल

---

अश्दोद,
१ जुलै १९७६

सौ. अबिगेलबाई यांस,
शालोम, वि. वि.

लग्नाला मी आले, कारण बारूख म्हणाले की तू आली नाहीस तरी मी जाणार. तुमच्या हॉलची जमीन सरबताने चिकट झाली होती, माझी सँडल प्रत्येक पावलाला आवाज करत होती. ते तुमच्याही लक्षात आलं असेल. मी ओफ्राशी बोलले नाही, तीही बोलली नाही. जेवणाआधी आम्ही निघालो, कारण शेवटची बस होती.

इथे मिस्त्री मशीन घेऊन आला आणि डाग घासून काढला. आता दिसत नाही. हात फिरवला तर तिथे थोडा खळगा लागतो, तो मलाच कळतो. फ्लॅटला कुलूप आहे. मी जाऊन पुसून येते. राहत कोणी नाही, तरी धूळ बसते.

तुम्हाला मुलगी होतीच, आता मुलगाही मिळाला, अभिनंदन. मला दगड मिळाला.

लोभाचं काय ते पुढे पाहू.

फ्लोरा

---

ओफाकिम,
१२ एप्रिल १९७७

सौ. फ्लोराबाई विहीणबाई यांस,
अबिगेलचा शालोम, वि. वि.

हे पत्र लिहायला मला काही आनंद होत नाही, हे आधीच सांगते.

पेसाखच्या सणाच्या साफसफाईत मी घर धूत होते. जमिनीवर साबणाचं पाणी ओतलेलं, दाराची घंटा वाजली, मी वळले आणि घसरले. पाय घोट्यात मोडला. कुपात होलीमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

ओफ्राचे दिवस भरत आले आहेत. पुढच्या महिन्यात बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, सगळं तयार होतं. आता ती इथे आली तर तीच माझी उस्तवार करत बसेल. त्स्वीला तर मिलुइमची चिठ्ठी आली आहे, महिनाभर सैन्यात हजर राहायचंय. म्हणजे मुलगी त्या वाळवंटात एकटी, आणि हॉस्पिटल थेट बेरशेवाला. तिला फोनवर विचारलं की कोणाला पाठवू, तर म्हणाली की मी बघेन. मी तुमचं नाव घेतलं. हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही.

मी विनंती करत नाहीये, कळवते आहे. तिथे तुमच्या तोलाचं स्वयंपाकघर नाही. तेव्हा जमत नसेल तर तसं सरळ लिहा, उगाच बसच्या वेळा सांगू नका.

लोभाचं मी काही म्हणत नाही. मुलीसाठी म्हणते.

अबिगेल

---

मित्स्पे रामोन,
१७ मे १९७७

सौ. अबिगेलबाई यांस,
फ्लोराचा सप्रेम शालोम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि दोन दिवसांत मी इथे आले. बारूख सोडायला आले होते. मी हसले नाही. आपल्या दोघींच्या वयात कोणतीही लादी घसरतेच.

पण इथलं स्वयंपाकघर! माझ्या शत्रूलाही असं मिळू नये. ओटा म्हणून कोणाच्या तरी घराचं जुनं दार दोन लोखंडी घोड्यांवर आडवं टाकलंय. कडी काढल्याचं भोक तसंच आहे, त्यातून चमचे खाली पडतात. वर फुलाफुलांचं मेणकापड, खिळे ठोकून. ते तुमच्या जावयाने ठोकलं, म्हणजे माझ्याच मुलाने, तेव्हा तुम्हाला दोष देता येत नाही. जमीन इतकी उंचसखल की एका कोपऱ्यात पाणी ओतलं तर ते दुसऱ्या कोपऱ्यात थांबून विचार करतं. सकाळी केर काढला की दुपारी दाराखालून वाळू परत हजर. खिडकीतून बघावं तर पुढे जमीनच नाही, नुसता खोल खड्डा, आणि लोक तो बघायला मुद्दाम इथवर येतात.

पहिले काही दिवस ओफ्रा माझ्याशी हिब्रूत बोलली, मी तिच्याशी मराठीत. मी जेवण केलं, तिने भांडी घासली. वाद झाला नाही, बोलणंही झालं नाही. मग गेल्या सोमवारी दुपारी कळा सुरू झाल्या. मी स्लिपर घालून तशीच धावले आणि शेजारच्या योसेफची सामानाची गाडी काढायला लावली. बेरशेवापर्यंत तिने माझं मनगट धरलं होतं, अजून निळं आहे. एरवी हिब्रू फाडणारी तुमची मुलगी ओरडली मात्र अस्सल रेवदंड्याच्या मराठीत. योसेफ बिचारा घाबरून गाडी आणखी जोरात हाकत होता. हॉस्पिटलातल्या नर्सने मला विचारलं की तुम्ही हिची आई का. मी हो म्हटलं. तुम्हाला राग येईल, पण मला आत जायचं होतं.

मुलगी झाली. रंग तुमच्याकडचा, नाक आमचं. फोनवर तुम्हाला कळलंच आहे, तरी लिहिते, कारण फोनवर तुम्ही नुसत्या रडत होता.

आता पहिल्या अंघोळीचं सांगते, कारण तो मान तुमचा होता. न्हाणीघरात वारा शिरतो, जमिनीवर गारठा. सगळ्या घरात ऊन एकाच ठिकाणी येतं, ओटा केलेल्या त्या दारावर. मी टब तिथे ठेवला, पाणी कोपराने तपासलं आणि ओफ्राला म्हटलं की तू घाल, मी बाजूला उभी राहते. तिने बाळ छातीवरून उचललं आणि माझ्या हातात दिलं. मराठीत म्हणाली की आई, तुम्हीच घाला. वर्षभरात तिने मला आई म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं. तुमची नात पाण्यात रडली नाही. बाहेर काढून मेणकापडावर पुसत होते तेव्हा तिने सगळ्या ओट्याभर शी केली. ओफ्रा टाके सांभाळत हसत खाली बसली. मी ते पुसलं आणि पुन्हा पाणी तापायला ठेवलं.

त्स्वी रविवारी परत येतोय. मी तेव्हा जाणार होते, आता थांबते. या दोघांना पोर धरायचं कसं तेही ठाऊक नाही. आणि ती दाराची फळी सारखी हलते. एका बाईने न्हाऊ घालावं आणि दुसरीने फळी घट्ट धरून उभं राहावं, असा सगळा प्रकार आहे. ओफ्राला अजून फार वेळ उभं राहवत नाही.

तेव्हा प्लास्टर कापलं की निघा. न्हाऊ तुम्ही घाला, फळी मी धरते.

नातीच्या वाट्याचा लोभ आपण दोघींनी मिळूनच करायचा आहे.

तुमची विहीण,
फ्लोरा