आधी इंजिनाला

३ फेब्रुवारी. सकाळी थंडी होती. तापीकाठच्या खोपीतलं पाणी उपसायचं इंजिन आज भंगारवाला गाडीत घालून घेऊन गेला. केळीला पाणी आता विजेच्या मोटारीवर आहे.

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण इंजिन गेलं तेव्हा मला तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्ही ते आणलंत त्याच सुमारास मुंबईत तेल गाळायचे कारखाने निघाले. माझ्या शाळेच्या नकाशात मुंबईवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "आते तेल आपलाच देशमा गळस. सस्तं हुई जाई." मायसाठी वातीचा स्टोव्ह आणलात. तिनं त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, आखाजीच्या सणाला पेटवू.

आखाजीपर्यंत ऊन तापलं, केळीला पाणी पुरेना. स्वस्त झालं होतं ते रॉकेल. गरिबाच्या घरासाठी म्हणून सरकारनं त्याचा दर कमी ठेवला, डिझेलचा नाही. मग तुम्ही डिझेलमध्ये रॉकेल मिसळायला लागलात. सगळा काठच मिसळत होता. घरचा रॉकेलचा डबा खोपीत गेला, स्टोव्ह फळीवर, आणि माय चुलीपाशी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरात. "पहिले इंजिनले पाजा, उरनं ते माले द्या," ती म्हणायची. उरलं कधीच नाही. शेजारचे काका बांधावरून ओरडायचे, "नाना, तुमनं इंजिन वहिनीसारखं खोकलस." तुम्ही हसायचात. इंजिन खोकलं की प्रकाशा गावाहून मिस्त्री यायचा. माय खोकायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, पाणी पी. शेवटी तिला श्वास पुरेना त्या दिवशीही पंप चालू होता.

पुढे कॉलेजात कळलं की कच्चं तेल बाहेरून बोटीनंच येई, आणि इथे गाळलेल्याचा दरही परदेशातून आणल्यासारखाच धरत. तरी देशाचं परकीय चलन वाचलं, आपली केळी पिकली, त्यावर मी शिकलो. हे खोटं नाही. पण घरासाठी आलेलं तेल घरात जाळू दिलं नाही ते तेल कंपनीनं नाही, सरकारनंही नाही. तुम्ही.

हे पत्र कुठे पाठवणार. एक मात्र सांगतो. नकाशावरचं तुमचं बोट पाहून वाटलेला अभिमान अजून गेलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

फळीवरून स्टोव्ह काढला. वातींची टोकं पांढरीच होती. दिव्यासाठी ठेवलेलं रॉकेल ओतलं, पेटवला, आणि कपभर चहा ठेवला.