शेवग्याखालचा चेंडू

हिमायतनगर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया हिला बाबाचा जयभीम. आनंदराज जावईबापूंनाही सांग.

मी बरा हाय, फिकीर करू नको. भाकरी करता येती, फक्त गोल होत न्हाई. तुझी आई असती तर म्हणली असती, हा काय तालुक्याचा नकाशा हाय का. दुकान दुपारनंतर उघडतो. सायकली कमी झाल्या, तरी शाळेच्या पोरी पंक्चर घेऊन येतात. आईच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आणलेली भांडी ज्याची त्याला दिली. एक पितळी पातेलं कुणाचं हाय ते कळंना. तुला ठाऊक असलं तर कळव.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तू "जेवलात का बाबा" विचारतीस अन् माझी हिंमत तिथंच जिरती. म्हणून लिहून राहिलो. तीन कागद फाडले, हा चौथा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तारामती मामीनं तुला विचारलं, खेळ का सोडला गं. तू हसून म्हणालीस, "माझ्या हातातच दम नव्हता, मामी. बाबांनी लई केलं माझ्यासाठी." मी पत्रावळ्या उचलत होतो. तसाच मागल्या दारी गेलो. तुला वाटलं आईच्या आठवणीनं गेलो. आईची आठवण होतीच, न्हाई कशी. पण तेव्हा मी तिच्यासाठी रडत नव्हतो.

परसातला शेवगा अजून हाय. त्याला टांगलेलं सायकलचं टायर मात्र उन्हानं तडकून गळून पडलं. त्या टायरमधून तू लांबून चेंडू आरपार टाकायचीस, आठवतं? रविकिरण सरांनी शाळेत बेसबॉल आणला तेव्हा सगळा गाव हसला होता, हा कुठला खेळ म्हणून. सरांनी मला दुकानात येऊन समजावलं. प्लास्टिकचा चेंडू घ्या, अर्ध्या अंगाला भोकं पाडा, हवा धरून तो आपोआप वळतो. पोरगी लहान हाय, वळता चेंडू तिनं याच्यावरच शिकावा, हलका असतो, कोपर सांभाळतं. मी स्पोक तापवून भोकं पाडली. आई धुण्याचं धोपाटणं घेऊन समोर उभी राहायची अन् चेंडू वळून तिच्या पायाशी गेला की तुलाच शिव्या द्यायची. महिन्याभरात तुझा चेंडू असा वळायला लागला की भिंतीवर बसून बघणारी पोरं खाली उतरली. लई भारी दिवस होते ते, बाई.

मग लातूरच्या निवड चाचणीची तारीख आली. तिथं खरा चेंडू असणार, चामड्याचा, जड. राज्याच्या संघात गेलीस तर पुढं खेळाडूंच्या जागेतून नोकरी लागंल, हे माझ्या डोक्यात बसलं. प्लास्टिकचा हात जड चेंडूला कसा पुरंल, या विचारानं मला घेरलं. सरांना विचारलं न्हाई. आपण मिस्त्री, आपल्याला सगळं कळतं.

आता लिहितो. दर रविवारी, तू वंदनेला विहारात गेलीस की मी चेंडूत दहा छर्रे घालायचो. सायकलच्या चाकातले. एक भोक मोठं केलं होतं, त्यातून आत सोडून पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवायचो. दिसू नये म्हणून त्या बाजूला काळी टेप गुंडाळली. तुला सांगितलं, फुटू नये म्हणून. वासरू रोज उचललं तर बैल झाला तरी उचलता येतो म्हणतात, तसं मला वाटलं. दहा रविवार घातले.

जड चेंडू वळंना. तू आणखी जोर लावायचीस, मनगट आणखी पिळायचीस. एक दिवस कोपर धरून म्हणालीस, "बाबा, चेंडू जड लागून राहिला."

मी म्हणलो, "चेंडू तोच हाय. तुझाच हात ढिला पडलाय."

तू डोळे पुसून परत टाकायला लागलीस.

लातूरला चौथ्या चेंडूला तुझं कोपर वाजलं. मैदानाच्या कडंला उभा होतो, तिथवर ऐकू आलं. डॉक्टरनं विचारलं, घरी कशानं सराव करायची. मी म्हणलो, साध्या प्लास्टिकच्या चेंडूनं. येताना एसटीत तू मलाच समजावत होतीस की बाबा, मीच कमी पडले, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पंधरा वर्षांची होतीस. मी ऐकून घेतलं. अकरा वर्षं ऐकून घेत आलो.

परवा आईची पेटी उघडली. तळाला तुझी शाळेची ओढणी, अन् तिच्यात तो चेंडू. विळीनं दोन फाका केलेला, छर्रे पुरचुंडीत बांधलेले. तिला ठाऊक होतं. त्या वर्षापासून ती माझ्या दुकानाची पायरी कधी चढली न्हाई. मी समजायचो, गुडघे दुखतात.

अन् जावईबापू जाताना सहज बोलले, हिचा हात डोक्यामागं जात न्हाई, वेणी घालता येत न्हाई, म्हणून केस कापले. मी तुला दारातच म्हणलो होतो, शहरात जाऊन फॅशन शिकलीस. तू हसलीस. मला त्या हसण्याचं काय करावं कळंना.

घरात आता मी एकटाच हाय. हे वाचून तू बोलली न्हाईस तर मला विचारणारं कुणी उरत न्हाई. ते ठाऊक असून टपालात टाकतो. माफी मागत न्हाई, मागायला तोंड न्हाई. पण उद्या पुन्हा कुणी विचारलं तर माझं नाव झाकू नको.

सोबत पार्सलमध्ये दोन्ही फाका अन् पुरचुंडी पाठवली हाय. टपालातल्या माणसानं काट्यावर ठेवून विचारलं, काका, यात लोखंड हाय का. हाव म्हणलो. ती पुरचुंडी एकदा उजव्या हातात धरून बघ.

तुझा हात चांगला होता, माय. चेंडू जड होता.

तुझा बाबा
लिंबाजी