वर्गणी धंद्याचीच

१२ जुलै १९९९, मुरबाड
इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला कल्याणला सीए भोईरांकडे गेलो. त्यांनी इंजिनीअर असोसिएशनची वर्गणी खर्चात धरली. नागरी सेवा मंडळाची आणि शहापूरच्या जिमखान्याची मात्र बाजूला काढली. म्हणाले, ही तुमची हौस, पष्टेसाहेब. धंद्यासाठी दिलेली असेल तरच वजा होते.
हौस! मी तिथे केवळ कामं मिळवायला जातो. 'संध्याकाळी माणसांत जात जा, रोज मला फोन करत बसू नका,' असं नम्रता म्हणाली होती, म्हणून सभासद झालो. पण ते भोईरांना सांगायची गरज नाही. नम्रता मुलीच्या शाळेसाठी कल्याणला राहते. तात्पुरती. चौथं वर्ष.
निश्चय: महिन्याभरात दोन्हीकडून एकेक काम आणायचं.

१५ जुलै
सेवा मंडळाची वृक्षारोपणाची मीटिंग. 'बांधकाम सल्लागार' छापलेली नवी व्हिजिटिंग कार्डं वाटली. सेक्रेटरी देसल्यांनी एक कार्ड घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं. म्हणजे माझा सल्ला उपयोगी पडतो.
नंतर सगळे वडे खायला गेले. मला वाटतं, बोलवायचं राहून गेलं असेल.

२० जुलै
जीपने शहापूर. जिमखान्यात कॅरमला चार जण आधीच बसलेले. मी म्हटलं, बघतो. बघितल्याने गिऱ्हाइकाचा स्वभाव कळतो. एकाला विचारलं, घराचा स्लॅब कधी टाकताय? तो म्हणाला, 'तुमी मागच्या येळंला पन हेच इचारलंत. माझं घर कवाच झालं. वास्तुशांतीला तुमी आल्तात!'
बरोबर, गेलो होतो. जेवण चांगलं होतं.
परतीची जीप चुकली. एसटी मिळेपर्यंत स्टँडवर बसलो. तिथेही कार्डं ठेवायला हवीत.

२५ जुलै, रविवार
नम्रताला फोन केला, दुपारी येतो म्हणून. त्या दोघी मावशीकडे निघाल्या होत्या. मी लगेच म्हटलं, बरंच झालं, मंडळाचा मोठा कार्यक्रम आहे, मला सोडतच नाहीत.
मंडळाच्या ऑफिसला कुलूप होतं.
भागीबाई स्वयंपाकाला आल्या. म्हणाल्या, 'पोरगी येनार का हो तुमची? दोघांचं कराचं का एकल्याचं?' म्हटलं, दोघांचं करा. रात्री उरलेलं खाता येतं.

३ ऑगस्ट
कल्याणला शेवटचा प्रयत्न. भोईरांना म्हटलं, देसल्यांनाच विचारा, मी तिथे धंद्यासाठी जातो की गप्पांसाठी. त्यांनी समोरच फोन लावला. देसल्यांचा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येतो.
'दोस्ती? कोनाशी? त्यो माणूस येतो, कोपऱ्यात बसतो, कार्डं वाटतो नि जातो. त्याचा हितं कोन नाय हो.'
भोईरांनी फोन ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ठीक आहे, लावतो खर्चात. जिमखान्याचं विचारलंसुद्धा नाही, तीही वर्गणी लावली.
जिंकलो! भोईरांनी चहा मागवला. आजवर कधी मागवला नव्हता. बिस्किटंही आली.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
मुरबाडला परतल्यावर नम्रताला बातमी सांगायला एसटीडी बूथवर गेलो. फोन मुलीने घेतला. आई झोपली होती. मीच तिला सगळं समजावून सांगितलं: कायदा, वजावट, देसल्यांची साक्ष. ती हुशार आहे, लगेच कळलं.
म्हणाली, 'म्हणजे बाबा, तिथे तुमचं कोणीच नाही?'
म्हटलं, कायद्याच्या दृष्टीने.
ती म्हणाली, आईला उठवू?
नको म्हटलं. तिनेही फोन ठेवला नाही, मीही नाही. मीटर पळत होता.