सतरावी ओळ

सोमवार, २ डिसेंबर २०२४. आगर.

आले एकदाची. वापीहून मेमू, डहाणू रोडला उतरून रिक्षा. रिक्षावाल्याने गुजरातीत सुरुवात केली, मी मराठीत उत्तर दिलं आणि शेवटी दोघंही हिंदीत भांडलो. वाटेत वाढवण बंदराच्या विरोधातले काळे झेंडे तीन ठिकाणी दिसले. जिग्नेश, माझा थोरला भाऊ, नाक्यावर घ्यायला आला होता. पोट सुटलंय त्याचं. बोटीवरचा माणूस आणि पोट, म्हणून चिडवलं, तर म्हणाला की वादळात जड माणूसच कामाला येतो.

हेतलवहिनीने बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. तीन भाकऱ्या खाल्ल्या. शांतीआत्या, बाबांची बहीण, अंगणात सुकट पसरत होती. माझी चाल बघून जतीनच आला असं वाटलं, म्हणाली. मला एकदम रडू आलं. बाबांची बोट गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि महिन्याभरात मला मामाकडे वापीला धाडलं. का, ते कुणी सांगितलं नाही.

मी विमा कंपनीत क्लेम तपासते. मेलेल्या माणसांचे दाखले वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. तारीख चुकली, सही हलली, की मला लगेच वास येतो. जगाचे दाखले वाचते आणि स्वतःच्या घरातलं कोण कधी गेलं ते ठाऊक नाही, ही लाजच आहे. म्हणून पंधरा दिवसांची रजा आणि ही नवी कोरी डायरी. वंशावळ पुरी करूनच जाणार.

आत्याला हे सांगितलं तर तिचा हात सुकटीवरच थांबला. महालक्ष्मीला जाऊन ये, कचेरीत जाऊ नको, म्हणाली. आणि गेलीसच तर या घराचं नाव तिथे काढू नको. मी म्हटलं, दोन्हीकडे जाते. ती हसली नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

डहाणूच्या तहसील कचेरीच्या मागच्या अंगाला जुन्या कागदांची खोली आहे. तिथली कारकून संगिता, तलासरीकडची, झरीची. माझ्यासारखीच तिरसट, त्यामुळे दहा मिनिटांत जमलं. जुनी मोडी तिला वर्तमानपत्रासारखी वाचता येते. तिने आगरची कोतवाल बुकं काढून दिली. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी वही. रकाने साधे: मयताचं नाव, कारण, मृत्यूची तारीख, खबर आल्याची तारीख आणि खबर देणार.

दिवसभरात तिघे सापडले. १९४१ साली पणजोबांचा भाऊ धर्मा. १९५८ साली स्वतः पणजोबा भिकू. १९७४ साली आजोबा हिरू. तिघेही समुद्रात बुडून. आणि तिन्ही ठिकाणी खबर देणार एकच: चैत्या, रा. झरी, आणि पुढे अंगठा. संगिता म्हणाली की झरीत घरोघरी चैत्या आहेत, आजाचं नाव नातवाला ठेवतात. पटलं. पण दर्यावरच्या मरणाची खबर द्यायला झरीच्या डोंगरातला माणूस कशाला, ते कळेना.

आणखी एक गंमत. १९४२ च्या वहीत सोळा नंबर भरलेला, अठरा भरलेला, सतराला नुसता आकडा. ओळ कोरी.

निघताना बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. उघडा, कमरेला पंचा, पायाशी बांबूची मोळी. अंगावरून पाणी निथळत होतं. म्हटलं, नळावर अंघोळ करून आला असेल. माझा नाव लिवला का, असं त्याने विचारलं. मला कारकून समजला बहुधा. मी म्हटलं, उद्या लिहू. मग तू कुणाची कोण, म्हणून विचारलं. आगरच्या भिकूची पणती, जिग्नेशची बहीण, असं मी तोऱ्यात सांगून टाकलं. आत्याचं बोलणं आठवलं ते रिक्षात बसल्यावर.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज बाबा सापडले. जतीन हिरू, वय ३३. बराच वेळ नुसती ओळीवर बोट ठेवून बसले. खबर देणार चैत्या, रा. झरी.

मग माझं रोजचं काम केलं, तारखा ताडून बघितल्या. धर्मा ४ नोव्हेंबरला गेला, खबर ७ नोव्हेंबरला आली. ठीक. भिकू १९ जानेवारीला गेला, खबर १८ ला. हिरू गेला त्याच्या आदल्या दिवशी खबर. बाबा २३ नोव्हेंबर १९९३, खबर २२ नोव्हेंबर. माणूस मरायच्या आधी खबर. असा क्लेम माझ्या टेबलावर आला असता तर मी पोलिसांना फोन केला असता.

अंगठ्यांचे फोटो काढले आणि मोठे करून बघितले. चारही अंगठ्यांवर एकच आडवा व्रण, कोयता लागल्यासारखा. बावन्न वर्षं एकच अंगठा. वही मिटताना माझ्या बोटाला शाई लागली. ओली होती.

बाकावरचा माणूस आजही होता. तोच प्रश्न. शिपायाला विचारलं हा कोण, तर म्हणाला बाकावर कुणीच नाही. त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि सरळ चालत नाक्यापर्यंत आले. मागे वळून बघितलं नाही. भ्यायले नव्हते. बघितलं नाही, एवढंच.

सोमवार, ९ डिसेंबर

चार दिवस आत्याच्या मागे लागले होते. आज ती बोलली.

समुद्रात गेलेल्याचं मढं मिळालं नाही, तर त्याची खबर घरच्याने द्यायची नाही. जो खबर देतो, पुढच्या वेळी दर्या त्यालाच मागतो. अशी आमच्या घराची समजूत. म्हणून धर्मा गेला तेव्हा भिकूने चैत्याला कचेरीत पाठवलं. बोंबील वाळवायच्या मांडवासाठी झरीहून बांबू आणणारा गडी. त्या बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. चार महिन्यांनी होडीवर हात कमी पडले म्हणून भिकूने त्यालाच नेलं, आणि तो पाण्यात पडला. आता त्याची खबर कोण देणार? कुणी दिली नाही. कचेरीत नाही, झरीत त्याच्या आईलाही नाही.

तेव्हापासून घरातल्या कुणी कचेरीत जाऊन भिकूचं नाव काढलं, की चैत्या आमची खबर देतो. बाबा बोटीच्या कागदांसाठी गेले होते. म्हणून मला वापीला धाडलं. म्हणून जिग्नेशच्या बोटीचे कागद वहिनीच्या भावाच्या नावावर आहेत.

मी घाबरायला हवं होतं, पण संताप आला. पाण्यात राहून माशाशी वैर नको, मान्य. पण परक्याला पुढे करायचं आणि आपण दाराआड राहायचं, ही कुठली रीत? आत्याला तसं तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, तू जिग्नेशचं नाव सांगितलंस का तिथे?

सांगितलं होतं.

मंगळवार, १० डिसेंबर

चैत्याचं घर शोधायचंय, एवढंच संगिताला सांगितलं, तर तिने रजा टाकली. तलासरीपर्यंत एसटी, पुढे टमटम, झरी. तिच्या वडिलांची आत्या, नाव धाकली, नव्वदीची, ओट्यावर बसून तूर निवडत होती. चैत्या तिचा थोरला भाऊ. म्हणजे ज्याचं नाव घरोघरी आहे असं संगिता म्हणत होती, तो तिच्याच घरचा निघाला.

धाकली म्हणाली, ती सात-आठ वर्षांची असताना भाऊ बांबू घेऊन दर्याकडे गेला, तो आलाच नाही. आईने त्याचे दिवस घालू दिले नाहीत. मेल्याची खबर नाही, तर दिवस कसे घालायचे? आई वाटेकडे बघत बघत गेली. मग धाकलीने मला विचारलं की कचेरीत त्याचं काही लिहिलंय का.

मला ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तोंड उघडलं नाही. सांगणारा पुढचा, एवढंच डोक्यात. कागद बघून कळवते, म्हणाले. तिने माझ्या ओंजळीत तूर घातली.

भिकूचीच पणती मी. थू माझ्या तोऱ्यावर.

बुधवार, ११ डिसेंबर

जिग्नेश पहाटे गेला. सगळं सांगितलं, हात जोडले. बर्फ भरलाय, खलाशी चढलेत, वहीच्या भीतीने बोट थांबत नाही, म्हणाला. चार दिवसांनी येतो.

कचेरीत गेले. बाक रिकामा, पण ओला. बाकापाशी मोळी नाही. तो कुठे गेला असेल ते—

संगिताला सांगायला गेले होते. आजही नाही सांगितलं.

आता बघितलं. या पानाच्या कडेला ओला अंगठा. आडवा व्रण. माझ्या अंगठ्यावर व्रण नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

दुपारी १२.३०. ग्रामपंचायत. सगळं ऑनलाइन झालं तरी इथे हाताची वही ठेवतात. शेवटची ओळ: जिग्नेश जतीन. समुद्रात बुडून. मृत्यू १३ डिसेंबर. खबर १२ डिसेंबर. खबर देणार चैत्या, रा. झरी.

अंगठा ओला. ग्रामसेवक म्हणतात, अक्षर माझंच आहे, पण कधी लिहिलं ते—

१२.४५. पान फाडलं. ते ओरडले. ओरडू देत. खालच्या पानावर तीच ओळ. तेही फाडलं. त्याच्या खालच्या—

१.३०. बोटीला फोन लागत नाही. वहिनी वायरलेसवरून दुसऱ्या बोटींना विचारतेय. आत्या उंबऱ्यात बसलीय. माझ्याकडे पाठ करून. रागावली असती तर बरं.

मी आणलं हे घरात. मीच निस्तरणार.

३.१०. संगितासमोर बसून सगळं सांगितलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं. तिने झरीला फोन लावून माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, धाकलीआजी, तुमचा भाऊ मेला. १९४२ च्या मार्चात, आमच्या होडीवरून पडून. आमच्या पणजोबाने लपवलं. परवा मीही लपवलं.

मग ती घरातल्यांना म्हणाली, माझ्या भावाचे दिवस घाला.

३.३०. १९४२ ची वही. सतरावी ओळ. संगिता म्हणते, मी लिहिते, माझ्या रक्ताचा आहे. नाही. तुमच्या घराने एकदा आमच्यासाठी दिली खबर. पुरे. टाळलं आम्ही, लिहिणार आम्ही.

जुन्या वहीत हात घालणं गुन्हा आहे. असल्या नोंदीचे सात क्लेम मी स्वतः फेटाळलेत. आठवा मी लिहिते, कुणाला फेटाळायचा त्याने फेटाळा.

लिहिलं ते इथेही उतरवते. मयत: चैत्या, रा. झरी. कारण: आगरच्या भिकूच्या होडीवरून समुद्रात पडून. मृत्यू: मार्च १९४२. खबर आल्याची तारीख: १२ डिसेंबर २०२४. खबर देणार: रुपल जतीन, भिकूची पणती.

सही केली. शिवाय अंगठाही. स्वतःचा, कोरडा.

४.०५. ग्रामसेवकांचा फोन. वहीत जिग्नेशची ओळ नाही, सगळी पानं कोरी आहेत, बाई तुम्ही काय केलंत? पाठोपाठ वहिनी. दुसऱ्या बोटीला जिग्नेश सापडला. ठीक आहे. परत फिरलाय. फोनवर आम्ही दोघी रडलो.

४.१५. तो आत आला. टेबलासमोर उभा राहून वही बघतोय. वाचता येत नसावं, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. अंगावर पाण्याचा थेंब नाही. पंचा कोरडा, केस कोरडे. मोळी उचलली आणि गेला, तलासरीच्या रस्त्याने.

संगिता विचारते कुणाला वाचून दाखवलंस. तुझ्या आजाला, म्हटलं.

४.२०. फरशी ओली आहे.

तो तर कोरडा होता.

४.२५. पाणी दाराखालून येत नाहीये. माझ्या खुर्चीखालून. घोट्यापर्यंत. चाखलं, खारट. संगिताच्या टेबलाखाली कोरडं आहे. तिला दिसत नाही, पण ती माझा हात धरून ओढतेय. खुर्चीतून उठता येत नाही—

दर्या आला वाटतं मागायला. ये. मी दाराआड लपलेली नाही. नाव लिहून बसलेय.

४.३०. गुडघे. डायरी वर धरलीय.

संगिता, ही ओळ तुझ्यासाठी. माझी खबर घेऊन कुणी आलं, तर आधी तारीख बघ. मरणाच्या एक दिवस आधीची असेल तर हाकलून दे. नियम आहे, आधी माणूस, मग खबर. आणि मी अजून