तलवाड्याचे दोघे

मंगळवार, संध्याकाळ. गेवराई.

अब्बांनी आज गॅरेजमध्ये माझ्यासाठी लोखंडी टेबल करून घेतलं. नको म्हणायचं होतं.

मला पुण्याला नोकरीला जाता यावं, माझ्यामागं अब्बांचं मोबाईलवर भागावं, म्हणून तर पीएचपीत कोड लिहून गॅरेजसाठी एक वेबपान केलं होतं. गाडी दुरुस्त झाली की गिऱ्हाइकाला मेसेज जाणार. कोडमधल्या यादीत, म्हणजे ॲरेमध्ये, बाणाच्या डावीकडे गाव, उजवीकडे फोन नंबर. गाव कावून? तर अब्बा माणसाला नावानं हाक मारतच नाहीत. 'तलवाडा आला का? मादळमोहीची चेन टाक.'

पण काल तलवाड्याच्या दोन गाड्या होत्या. डावीकडं तेच नाव पुन्हा लिहिलं की आधीचा नंबर पुसला जातो, हे मला पाठ आहे. मग सुचलं कसं नाही? पहिल्याचा मेसेज दुसऱ्याला गेला. तो बिचारा जीपनं आला, तर त्याच्या मोटारसायकलचं इंजन खोलून पडलेलं.

"तयार हाय म्हणता अन् हे काय?" लई चिडला.

मी लगेच गावाच्या जागी गाडीचा नंबर टाकला. चाललं. अब्बा मात्र हसले.

"गाडीचा नंबर कुणाच्या ध्यानात राहतो, बेटा? हे तुलाच जमणार. तू हायस तर मला कशाची फिकीर?"

पुण्याचं बोलायचं राहूनच गेलं.

आणि आता हे टेबल. उजेडाकडं सरकवावं म्हणून ओढलं. हलेना. खाली वाकून बघितलं, तर अब्बांनी फरशी फोडून चारही पाय सिमेंटमध्ये बसवलेत.