पिंपांची झाकणं

आबा, पेणच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले, तेव्हा मिठागर सोडून रोह्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागून तुम्हाला चार वर्षं झाली होती. त्याच कंपनीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. पहिल्या सकाळी कासूहून आपण एकाच गाडीने निघालो. रोह्याला उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "गेटाच्या आत मला आबा म्हनू नको. तू साहेब लोकांत बसनार." मी मान हलवली. तुम्ही बोलण्याआधीच माझ्या मनात तेच होतं.

तुम्हाला अक्षरओळख नव्हती. पिंपात काय आहे ते तुम्ही झाकणाच्या रंगावरून ओळखायचात आणि कधी चुकला नव्हतात. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळी सकाळी माझ्या टेबलावर इंग्रजी कागद आला: आजपासून निळ्या झाकणाच्या पिंपात दुसरं रसायन येईल, यार्डात कळवा. यार्डात तुम्ही होतात, आणखी दहाजण होते. त्यांच्यादेखत तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, या विचारात मी जाणं जेवणाच्या सुट्टीवर ढकललं. सुट्टीआधीच धोक्याचा भोंगा वाजला. तुम्ही निळ्या झाकणाचं पिंप ओतलं तशी टाकी उसळली होती, आणि तुमच्या जोडीदाराचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

मॅनेजर लॅबमध्ये आले. "यार्डात कळवलं होतं?" मी कागदावर वही ठेवली आणि "हो" म्हणाले. मग त्यांनी सांगितलं तसं इंग्रजीत लिहून सही केली: कामगाराला लेबल वाचता येत नाही, म्हणून चूक झाली. मला शिकवायला तुम्ही मिठाने पाय चिरून घेतलेत, आणि त्या शिक्षणावर मी लिहिलेलं पहिलं महत्त्वाचं वाक्य हे.

संध्याकाळी तुमचा गेटपास काढून घेतला. गाडीत तुम्ही शेजारी बसलात.

"माज्यावर काय लिवलाय? तुला म्हाईत आसल."

"तो कागद माझ्याकडे येत नाय."

मग तुम्ही विचारलंत, "तुला कोन काय बोलला नाय ना?"

"नाय."

"मंग बरा."

तुम्ही पुन्हा मिठागरात गेलात आणि शेवटपर्यंत तिथेच राबलात. मी आज त्या लॅबची प्रमुख आहे. हे तुम्ही असताना लिहिलं असतं, तर कुणाला तरी तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं. घरात वाचणारी मीच होते.

एक राहिलं. तुमचा गेटपास गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एकटीच कामावर गेले, तेव्हा मला हलकं वाटलं होतं.