समीक्षाचे बत्तीस क्रेडिट

सातारा, मंगळवार

ती. स्व. लालासाहेब दाजी,

तुमचा मेहुणा दादासो (सुभेदार, निवृत्त) याचा इथून माधवनगरच्या उंबऱ्यापर्यंत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि अंबूआक्काचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे.

पत्रास कारण आमची समीक्षा. गेल्या वर्षी जपानला एम.एस्सी.ला जाताना ती म्हणाली होती, अभ्यास दोन वर्षांचा आणि क्रेडिट तीस लागतात. (विषय पास झाला की मिळतात ते क्रेडिट, बहुतेक विषयांना दोन.) गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, बत्तीस झाले. मी फौजेतला माणूस. तीस मागितले, बत्तीस हजर, म्हणजे मोहीम फत्ते. पोरीनं दोन वर्षांचं काम वर्षात उरकलं असं कॉलनीभर सांगितलं, येत्या वीस तारखेला सत्कारासाठी हॉल ठरवला, दीडशे माणसं बोलावली, फ्लेक्स छापला आणि त्याचा फोटो तिला पाठवला.

पाच मिनिटांत तिचा फोन. बत्तीसातले आठ जपानी भाषेच्या वर्गाचे, ते पदवीला धरत नाहीत. दोन बी.एस्सी.च्या पोरांबरोबर बसून अळंबीवर मिळवलेले (तिला अळंबी आवडते), तेही नाहीत. उरले बावीस. शिवाय त्या तिसांत प्रोफेसरांच्या सेमिनारचे आठ असावेच लागतात, ते सहा महिन्यांच्या सत्राला दोनच मिळतात. मी म्हटलं, जास्त वेळ बसून एकदम घे. तर पोरगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, ते रेशनचे तांदूळ न्हाईत, दोन महिन्यांचे एकदम उचलायला." वर प्रबंध वेगळा. त्याला क्रेडिट एकही नाही आणि त्याच्याशिवाय पदवीही नाही.

मला पटेना. नियम मागवले. पोरीच्या आईनं, दीपमालानं, ते मोबाइलवर मराठीत केले, तर निघालं, "विद्यार्थ्याने शिक्षकाखाली चार सत्रे शिजावे." तेव्हापासून ती पोरीला परत बोलवा म्हणून बसली आहे. शेवटी मी थेट प्रोफेसरांना लिहिलं, की अळंबीचे दोन सेमिनारात वळते करावेत. त्यांचं फार नम्र उत्तर आलं. समीक्षा लय कष्टाळू आहे, सेमिनार गुरुवारी दहाला असतो, तुम्हीही बसायला यावं. दाजी, ते वाचून मला इतकं बरं वाटलं, की भांडायचंच राहून गेलं.

आक्काला नमस्कार.

तुमचा,
दादासो

ता. क. वीस तारखेला कोट घालून या. सत्कार तुमचा ठरवला आहे. फ्लेक्सवर तुमचं नाव आणि फोटो चिकटवला. 'साताऱ्याची सुकन्या' एवढं मात्र काही केल्या निघेना, ते सोसून घ्या.

ता. क. दुसरा. समीक्षाला कळवू नका. तिला मी कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलंय.